खाल्लेलं अंगी कुठे लागतं

ढोमा साफ करताना त्याच्या डोक्यातून दोन पांढरे, गुळगुळीत खडे निघतात. कोकणातल्या घरांत लहान मुलं ते धुऊन खेळायला घेतात. हे खडे माशाच्या कानातले. ऐकायला आणि तोल सांभाळायला ते लागतात, आणि मासा जगतो तोवर त्यांच्यावर चुन्याचे थर चढत राहतात. खोडातली वर्तुळं मोजून झाडाचं वय सांगावं, तसं १८९९ मध्ये योहानेस रायबिश या जर्मन संशोधकाने प्लेस माशाचं वय या खड्यांवरून सांगितलं.

थंड समुद्रात हे जमण्यासारखं होतं. उन्हाळ्यात मासा वाढतो, हिवाळ्यात थबकतो, आणि हा फरक खड्यात उमटतो. प्रवाळांच्या पाण्यात मात्र बारा महिने ऊब, त्यामुळे तिथल्या माशांच्या खड्यात वर्षं उमटणार नाहीत, असा समज बराच काळ होता. तिथल्या माशांच्या वाढीबद्दल आज जे ठामपणे सांगता येतं, ते बहुतेक गेल्या पन्नासेक वर्षांत हाती आलं आहे.

१९७१ मध्ये जॉर्जिओ पानेला यांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिलं, की खड्यात वर्षाचेच काय, रोजचेही थर असतात. पुढे ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफवर संशोधकांनी माशांना टेट्रासायक्लिन टोचून पुन्हा पाण्यात सोडलं. हे औषध त्या दिवशीच्या थरात बसतं आणि अतिनील प्रकाशात चमकतं. तोच मासा नंतर पकडायचा आणि चमकत्या रेघेच्या बाहेर किती थर चढले ते मोजायचं. उबदार पाण्यातही वर्षाला एक वर्तुळ पडतं, हे १९९० च्या सुमारास पक्कं झालं.

मग जे दिसलं ते अनपेक्षित होतं. १९९६ मध्ये हॉवर्ड चोट आणि अ‍ॅक्स यांनी सर्जन माशांच्या वाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेवाळ खाणारे हे मासे पहिल्या तीन-चार वर्षांतच जवळजवळ पूर्ण वाढतात आणि मग तेवढ्याच आकारात तीस ते पंचेचाळीस वर्षं काढतात. म्हणजे वीतभर सर्जन मासा पाच वर्षांचा असेल, नाहीतर चाळीस वर्षांचा. त्याच प्रवाळांत एव्हिओटा नावाचा बोटाच्या पेराएवढाही नसलेला गोबी मासा ५९ दिवसांत सगळं आयुष्य उरकतो, हे २००५ मध्ये कळलं. दुसऱ्या टोकाला पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळच्या रोली शोल्समध्ये २०१६ साली पकडलेला, तांबोशीच्या कुळातला एक मासा. त्याचं वय निघालं ८१.

महाराष्ट्रात २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला गेला. तो नियम हवाच होता, कारण त्यामुळे पिल्लांना मोठं व्हायची संधी मिळते. पण खडपात राहणाऱ्या, लवकर वाढून पुढे अनेक वर्षं जगणाऱ्या माशांना नुसती पट्टी लावून भागणार नाही, असं मला वाटतं. पट्टीवर पास झालेला मासा कधीकधी दोन पिढ्यांएवढा म्हातारा असतो.

आता अन्नाकडे वळू. जास्त खायला मिळालं की जास्त वाढ, ही गोष्ट उघड वाटते. पण प्रवाळात ती सिद्ध करून दाखवायला १९८६ उजाडलं. जेफ्री जोन्स यांनी वन ट्री बेटाच्या खाजणात डॅमसेल माशांच्या पिल्लांना वरचं खाणं दिलं आणि ती जास्त वेगाने वाढली. तोवर सगळा भर पिल्लं कुठून येतात आणि किती येतात यावर असे. आल्यावर त्यांना पोटभर मिळतं का, हा प्रश्न त्यानंतर गांभीर्याने विचारला जाऊ लागला.

पण समोर खाणं असलं की ते अंगी लागतंच असं नाही. पापुआ न्यू गिनीच्या मदांग खाजणात पीटर बस्टन यांनी एकाच समुद्रफुलात राहणाऱ्या क्लाउनफिशच्या गटांचं निरीक्षण केलं. सगळ्यांत मोठी मादी, तिच्यामागे नर, मग रांगेत उभे असलेले धाकटे. प्रत्येक जण आपल्या वरच्याच्या साधारण ८० टक्के आकाराचा! वरच्याच्या बरोबरीला आलं तर घराबाहेर काढलं जाण्याची भीती, म्हणून धाकटा आपली वाढ स्वतःच आवरतो. हे २००३ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. वरची जागा रिकामी झाली की तोच मासा पुन्हा वाढू लागतो. २०२५ मध्ये तर याच देशातल्या किंबे उपसागरातून आणखी एक बातमी आली. २०२३ च्या उष्णतेच्या लाटेत मोजलेल्या १३४ क्लाउनफिशपैकी शंभरेक मासे लांबीने चक्क आखूड झाले होते, आणि असं आक्रसणाऱ्यांची जगण्याची शक्यता जास्त होती.

अशाच उष्णतेने प्रवाळं पांढरी पडून मेली की कोणाचं ताट रिकामं होतं आणि कोणाचं भरतं, हेही याच पन्नासेक वर्षांत समजलं. फक्त प्रवाळांवरच जगणारे फुलपाखरू मासे लगेच मरत नाहीत. महिनोन्‌महिने त्यांची तब्येत खालावत जाते. मॉर्गन प्रॅचेट यांच्या गटाने ते २००४ मध्ये नोंदवलं. पोपटमाशांचं मात्र उलट. ते मेलेल्या प्रवाळाच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म जीव खरवडून खातात. २०२० च्या एका अभ्यासात ग्रेट बॅरिअर रीफ आणि हिंदी महासागरातलं चागोस, दोन्हीकडे प्रवाळ मेल्यानंतर पोपटमाशांची संख्या दोन ते आठ पट झालेली दिसली. त्यांच्या खड्यांतली वर्तुळंही रुंद झाली होती. हे सुख किती टिकेल याची मला शंका आहे. प्रवाळाचा सांगाडा झिजून सपाट झाला, की लपायला जागा कुठली?

चागोसमधलीच एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त भावते. तिथल्या काही बेटांवर फार पूर्वी जहाजांतून उंदीर उतरले आणि त्यांनी समुद्रपक्ष्यांची अंडी-पिल्लं संपवली. निक ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी सहा उंदरांची आणि सहा बिनउंदरांची बेटं निवडली. बिनउंदरांच्या बेटांवर पक्षी ७६० पट दाट होते. पक्षी दूर समुद्रात मासे खातात आणि बेटावर विष्ठा टाकतात. पाऊस ती धुऊन प्रवाळांवर नेतो आणि शेवाळाला खत मिळतं. त्या शेवाळावर जगणारा डॅमसेल मासा पक्ष्यांच्या बेटांजवळ जास्त वेगाने वाढत होता. ती वाढ त्याच्या कानातल्या खड्यात लिहिलेली सापडली. तिथल्या सगळ्या माशांचं मिळून वजनही ४८ टक्के जास्त भरलं. २०१८ चा हा निष्कर्ष. उंदरांच्या बेटांजवळ याच डॅमसेलला शेवाळाचं मोठं शेत राखावं लागतं, हे २०२३ मध्ये कळलं. खतच कमी, तर पोट भरायला जमीन जास्त लागणार.

चागोसची बेटं ज्या बुडालेल्या डोंगररांगेवर आहेत, तिच्याच उत्तर टोकाला आपलं लक्षद्वीप आहे. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये तिथली प्रवाळं पांढरी पडली. रुचा करकरे आणि सहकाऱ्यांनी तिथे मोरपंखी ठिपक्यांच्या हेकरूचा माग घेतला. हेकरू म्हणजे मालवण-गोव्याकडचा गोब्रा. जिथे प्रवाळांत अजून कपारी आहेत तिथे तो दबा धरून बसतो आणि भक्ष्य समोर येईपर्यंत हलत नाही. जिथे सगळं सपाट झालंय तिथे त्याने आपला इलाका वाढवलाय. कपार सोडून तो उघड्यावर हिंडत शिकार करतो आणि तगून राहतो. हिंडण्यात खर्च झालेली ताकद मात्र अंगी लागत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथली प्रवाळं पुन्हा पांढरी पडली.