राष्ट्रांची गुणपत्रिका

माझ्या वर्गांत एखादा मुलगा गणितांत नापास होऊनहि बेरजेंत पहिला येई. त्याच्या वडिलांस काय सांगावें, हें मला कोडें पडे. राष्ट्रांचेंहि तसेंच आहे. २०१५ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९३ सभासद राष्ट्रांनीं शाश्वत विकासाचीं १७ उद्दिष्टें ठरविलीं. प्रत्येकास शंभरापैकीं गुण देऊन सर्वांची सरासरी काढणारा एक निर्देशांक दरसाल प्रसिद्ध होतो. २०२४ सालीं त्यांत फिनलंड देश पहिला आला. परंतु वस्तूंचा बेताचा वापर व हवामानरक्षण या विषयांत तोहि मागेंच राहिला. गरिबी-निवारणाच्या भरघोस गुणांखालीं चिमणीचा धूर झांकला जातो. म्हणून नुसता क्रमांक पाहूं नये; प्रत्येक रकाना वाचावा. मुलाचें हित त्यांतच असतें, पृथ्वीचेंहि.