गहू सोसत नसेल तर पंगतीला कसे बसावे?

“एका पुरीने काय होते?” असा आग्रह आपण लग्नाच्या पंगतीत सहज करतो. पण सिलिअ‍ॅक आजार असलेल्या माणसाला ती एक पुरीही बाधते.

गहू व जव यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. या आजारात ते पोटात गेले की लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते व खाल्लेले अंगी लागत नाही. जुलाब, पोट फुगणे, रक्त कमी होणे, मुलांची वाढ खुंटणे ही त्याची लक्षणे. उत्तर भारतात सुमारे शंभरात एकाला हा आजार असतो. पुष्कळांना त्याचा पत्ताही नसतो. रक्ताची तपासणी करून व दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून निदान करतात. तपासणीआधी गहू बंद करू नये, नाहीतर आजार सापडत नाही. निदानानंतर मात्र गहू व जव जन्मभर सोडणे हाच उपाय आहे.

पांढुर्णा-सौंसर भागात ज्वारीची भाकर घरोघरी ठाऊक आहे. ज्वारी, तांदूळ, मका, डाळी यांत ग्लूटेन नसते. म्हणजे घरी अडत नाही. अडते ते बाहेर. रोडगे, पुरी, जिलेबी, रव्याचा लाडू, शेवया, नाताळचा केक व करंज्या, सगळीकडे गहूच. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. बोलावणे आले की यजमानांना दोन दिवस आधीच सांगावे. ऐन पंगतीत नको म्हटले तर सोयऱ्यांना राग येतो.

२. भाकर सोबत न्यावी. साधा भात, दही, संत्री, केळी बहुधा चालतात.

३. वरणातल्या हिंगाची चौकशी करावी. बाजारच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते.

४. पुरी तळलेल्या तेलातली बेसनाची भजीही टाळावीत.

५. चक्कीवर गव्हामागून लगेच दळलेल्या ज्वारीत गहू मिसळतो. घरच्या जात्यावर दळावे. ज्वारी गव्हाच्या पोत्यात भरू नये.

यजमानांनी वरण-भात वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीने आधी काढून ठेवावा. पाहुण्याला पंगतीतच बसवावे, बाजूला नव्हे. आग्रह करू नये.

पवित्र भाकरही गव्हाचीच असते. गहू अजिबात नसलेली भाकर मिस्सेत चालत नाही. अत्यल्प ग्लूटेनची चालते. रोमहून आलेल्या २००३ व २०१७ च्या पत्रांत हे स्पष्ट केले आहे. तीही सोसत नसेल तर केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घेता येतो. मुख्य प्याल्यात भाकरीचा तुकडा टाकलेला असतो, म्हणून वेगळा प्याला लागतो. याबाबत फादरांना मिस्सेआधीच भेटावे.

घरात मूल वारंवार जुलाबाने खंगत असेल, तर दृष्ट काढून थांबू नका. डॉक्टरांना या आजाराविषयी विचारा.