कोल्हापुरातील बसण्याच्या जागा

कोल्हापूरला पाहुणे आले की त्यांची फेरी ठरलेली असते. अंबाबाईचे दर्शन, नवा राजवाडा, पन्हाळा, सवड असल्यास जोतिबा आणि परतताना चपला व गुळाची खरेदी. या स्थळांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते काही काम नसताना आपण ज्या ठिकाणी जाऊन बसतो, त्यांविषयी. माणसे कोठे बसतात आणि कोणाच्या शेजारी बसतात, यावरून गावाचा स्वभाव जेवढा कळतो तेवढा राजवाड्यावरून कळत नाही.

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या आपल्या घरांना संध्याकाळचा उजेड जणू वरकमाईसारखा मिळतो. तो खर्च करण्यास रंकाळ्याचा कट्टा उत्तम. पूर्वी येथे दगडाची खाण होती, असे सांगतात. भेळेच्या गाड्यांकडे पाहून न पाहिल्यासारखे करावे आणि पलीकडच्या काठावरील शालिनी पॅलेस अंधारात बुडेपर्यंत बसावे. मध्यंतरी सांडपाण्याने तळ्याचे पाणी हिरवे पडले, वास येऊ लागला, तरी फिरायला येणारी माणसे येतच राहिली. त्यांनीच आरडाओरडा केला म्हणून तळ्याकडे लक्ष गेले, असे मला वाटते.

खासबाग मैदानाची गोष्ट निराळी. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी राजर्षी शाहू महाराज 1902 साली युरोपात गेले असता त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले. त्याच धर्तीवर येथे कुस्तीचे मैदान उभे राहिले आणि 1912 साली पूर्ण झाले. मधोमध हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक. पुढच्याच्या डोक्याआड मागच्याची कुस्ती जाऊ नये, एवढा साधा विचार. पण ज्या काळी कोणी कोठे बसावे हे जन्माने ठरत होते, त्या काळी तो साधा नव्हता. मैदानात कुस्ती नसेल तेव्हाही मी तेथे जातो. रिकाम्या बैठकीवर बसून तांबड्या मातीकडे पाहत राहणे हा माझ्या मते या शहरातील सर्वांत स्वस्त विसावा आहे.

लागूनच नाट्यगृह आहे. 1915 साली ते ‘पॅलेस थिएटर’ म्हणून सुरू झाले आणि पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. प्रेक्षागृहात मध्ये एकही खांब नाही, ही त्याची ख्याती. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सजवलेल्या रंगमंचाऐवजी काळवंडलेल्या भिंतींसमोर माणसे उभी राहिली आणि वयस्क कलावंत उघडपणे रडले. ते पूर्ववत उभारण्याचे शासनाने जाहीर केले. ‘पूर्ववत’ या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा, हाच प्रश्न आहे. गार हवा आणि मऊ खुर्च्या कोणत्याही सभागृहात मिळतात. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नट नीट दिसावा, त्याचा आवाज तेथवर पोहोचावा, ही जुनी गोष्ट नव्या वास्तूत टिकली तरच त्या शब्दाला अर्थ आहे.

मात्र माझे मन सर्वांत अधिक रेंगाळते ते दसरा चौकात. शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी या शहरात वसतिगृहे निघाली. 1901 साली निघालेले आपले दिगंबर जैन बोर्डिंग त्यांतलेच. मुस्लिम बोर्डिंगही याच चौकात. खेड्यातून आलेल्या मुलाला राहायला छप्पर आणि जेवायला ताट मिळाले. आपल्या समाजातील कित्येक घरांचे शिक्षण येथून सुरू झाले, म्हणून आपण या जागेकडे अभिमानाने पाहतो.

याच बोर्डिंगात कुंभोजचा एक विद्यार्थी राहत होता. 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, त्या समारंभास तो गेला. परतल्यावर, आंघोळ केल्याशिवाय जेवणघरात प्रवेश नाही, असे त्याला सांगण्यात आले. त्याने आंघोळ केली नाही. त्याला बोर्डिंग सोडावे लागले. त्या विद्यार्थ्याचे नाव भाऊराव पाटील. 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि 1924 साली साताऱ्यात असे वसतिगृह काढले, जेथे सर्व जातींची मुले एकत्र राहू व जेवू लागली. आज आपण त्यांना कर्मवीर म्हणतो, त्यांची जयंती थाटात करतो. भाषणांत कुंभोज येते, सातारा येतो. बोर्डिंगातील ती दुपार मात्र क्वचितच येते.

गेल्या सुट्टीत नातवंडांना घेऊन मी या चौकात गेलो. शाहू महाराजांच्या पुतळ्याच्या सावलीत उभे राहून त्यांना ही हकिकत सांगितली. धाकटीने विचारले, “आजोबा, त्या दिवशी त्यांच्या बाजूने दुसरे कोणीच उठले नाही का?” मी बोर्डिंगच्या फाटकाकडे पाहिले. आत मुले सायकली लावत होती.