डोंगर चढायचा, तर बाळाला कशात घ्यायचं?

नवरात्र जवळ आलं की डोंगरावरच्या देवीला जायचे बेत सुरू होतात. कुणी सप्तशृंगीच्या पायऱ्या चढतं, कुणी कळसूबाईला जातं. कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. बारी गावातून वर जायला काही तास लागतात आणि मधल्या उभ्या कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. घरात तान्हं असलं तर तेही बरोबर निघतं. मग गटाच्या बैठकीत आम्हाला हमखास विचारलं जातं, "बाळाला घ्यायचं कशात? लुगड्यात बांधू की बाजारातली पिशवी घेऊ?" आज त्याबद्दलच बोलू.

कडेवर घेतलेलं मूल घरापासून विहिरीपर्यंत ठीक. सहा महिन्यांचं मूल साधारण साडेसात किलोचं असतं, वर्षाचं नऊ किलोच्या आसपास. एवढं वजन तासन्‌तास एकाच बाजूला आलं की कंबर भरून येते, हात अवघडतो. पाय घसरला तर सावरायला एकच हात उरतो. लांबच्या वाटेला बाळ अंगाशी बांधलेलं बरं.

बांधायचं कशात, हे किंमत बघून ठरवू नका. आधी बाळाचा श्वास बघा, मग त्याचे खुबे, मग आपली कंबर.

पहिला श्वास. तान्ह्याची मान कच्ची असते. हनुवटी छातीला टेकली की श्वासाची नळी दबते, आणि बाळ रडतही नाही, झोपल्यासारखंच दिसतं. म्हणून हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये दोन बोटं मावली पाहिजेत. बाळाचा चेहरा सतत दिसला पाहिजे, नाकावर पदर नको. बाळ इतकं वर असावं की मान थोडी वाकवून त्याच्या डोक्याचा पापा घेता येईल. एका खांद्यावरच्या सैल झोळीत बाळ मुटकुळं होऊन पडतं, म्हणून ती झोळी लांबच्या चालीला नको.

दुसरे खुबे. खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेली गोटी. पहिल्या वर्षात ही वाटी मऊ असते. पाय सरळ खाली लोंबकळत राहिले तर गोटी वाटीबाहेर सरकायला बघते. मांड्या फाकलेल्या आणि गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर असले, तर ती नीट बसते. आपण मूल कडेवर घेतो तेव्हा त्याचे पाय असेच असतात. बाजारातल्या काही पिशव्यांची बैठक लंगोटाएवढी अरुंद असते आणि बाळ तिच्यात लोंबकळतं. अशी पिशवी घेऊ नका. एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत आधार मिळेल अशी रुंद बैठक हवी. मूल पायाळू जन्मलं असेल, किंवा घरात कुणाचा खुबा जन्मापासून सरकलेला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. मुलींमध्ये हा त्रास जास्त आढळतो.

तिसरी आपली कंबर. सगळा भार खांद्यांवर आला तर तासाभरात मान आखडते. भार कमरेवर उतरला पाहिजे.

आता प्रकार बघू. एक म्हणजे आपलं कापड. झाशीच्या राणीच्या पुतळ्यात बाळ पाठीला कापडानेच बांधलेलं असतं. सुती पाचवारी पातळ उत्तम. नायलॉन आणि रेशीम गुळगुळीत, त्यांची गाठ सरकते. कापड दोन्ही खांद्यांवरून घ्या, बाळाच्या मांड्यांखालून फिरवा, कमरेला पक्की दुहेरी गाठ मारा. विरलेलं कापड वापरू नका. बाळ पक्की मान धरेपर्यंत त्याला छातीशीच बांधा, पाठीवर नको. इतक्या लहान बाळाला खरं तर डोंगरावर नेऊच नये.

दुसरी बकलाची मऊ पिशवी. हिला रुंद कमरपट्टा असतो आणि भार त्याच्यावर येतो. मान धरलेल्या मुलापासून चालत्या मुलापर्यंत ती चालते. बाळाचं तोंड आपल्याकडे असू द्या. तोंड बाहेर करून घेतलं तर ते झोपल्यावर मानेला आधार राहत नाही.

तिसरी सांगाड्याची पिशवी, गिर्यारोहक पाठीवर घेतात ती. तिला ऊन अडवायला छत असतं, वारा खेळता राहतो. पण ती रिकामीच तीन किलोच्या आसपास भरते. मूल स्वतः बसतं झाल्याशिवाय, म्हणजे साधारण सहा महिन्यांआधी, तिच्यात घालू नये. मूल आपल्या डोक्याएवढं उंच बसतं, त्यामुळे खालच्या फांद्या त्याला लागतात. काही उचलायचं तर कमरेतून वाकू नका, गुडघे मोडून बसा. पाय टेकायला पट्टी आहे ना, तेही बघा.

घेण्याआधी पिशवीत आठ किलो ज्वारी भरा आणि अर्धा तास चढ-उतार करा. खांदे दुखले तर कमरपट्टा नीट बसलेला नाही. मग तीच पिशवी नवऱ्याला, दिराला लावून बघा. पट्टे लांब-आखूड होतात का ते तपासा. मूल घरातल्या सगळ्यांचं आहे, मग डोंगरभर ते एकट्या आईच्याच पाठीवर का?

वाटेत तासाभराने बाळाला बाहेर काढा. पाय मोकळे होऊ द्या, अंगावर पाजा, लंगोट बदला. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हातही वरचं पाणी द्यायचं नाही. आईने मात्र भरपूर प्यायचं. आपण चढताना घामाघूम होतो, पण बाळ एका जागी बसून असतं. वरच्या वाऱ्यात त्याला गारठा लागतो. त्याच्या मानेमागे हात लावून बघत चला.

शिडीवर बाळ छातीशी असेल तर आपलीच पावलं दिसत नाहीत. मान धरलेलं बाळ पाठीवर घ्या, दोन्ही हात मोकळे ठेवा, मागे घरातलं एक माणूस असू द्या. गर्दी असेल, पावसाने शिडी ओली असेल, तर तिथूनच देवीला हात जोडा आणि मागे फिरा. आणि ही पिशवी चालण्यासाठीच आहे. मोटारसायकलवर तिच्या भरवशावर बसू नका.

चांगली पिशवी एकटीला महाग वाटत असेल तर गटाने मिळून एक घ्यावी आणि ज्या घरात तान्हं असेल तिथे ती फिरावी. परत येईल तेव्हा धुतलेली असावी, आणि शिवण व बकल दोघींनी मिळून तपासावं. पुढच्या बैठकीला एखादीने सुती पातळ आणा, एकीने ज्वारी आणा. गाठ कशी बसते ते सगळ्यांनी एकदा बांधून बघा.