मांडीच्या हाडाचे शीर्ष घसरणे

मांडीच्या हाडाचे शीर्ष घसरणे, वैद्यकीय भाषेत स्लिप्ड कॅपिटल फेमोरल एपिफिसिस, हा खुब्याच्या सांध्याचा विकार असून तो साधारणतः १० ते १६ या वयात आढळतो. वाढीच्या काळात मांडीच्या हाडाचे गोल शीर्ष आणि त्याखालील मान यांच्यामध्ये कूर्चेची वृद्धिपट्टिका असते. ती कमकुवत झाल्यास हे दोन्ही भाग एकमेकांवरून सरकतात. प्रत्यक्षात शीर्ष उखळीतच राहते व मान पुढे आणि वर सरकते. त्या अर्थाने विकाराचे नाव काहीसे फसवे आहे. मुलींपेक्षा मुलांमध्ये त्याचे प्रमाण अधिक असून लठ्ठपणा हे त्याचे प्रमुख जोखीमकारण आहे.

वेदना पुष्कळदा खुब्यात न जाणवता मांडीत किंवा गुडघ्यात जाणवते. त्यामुळे केवळ गुडघ्याचे क्ष-किरण चित्र काढले जाते आणि निदान लांबते. म्हणूनच लंगडणाऱ्या किशोरवयीन रुग्णाचा गुडघा दुखत असला, तरी खुबा तपासणे आवश्यक ठरते.

== शस्त्रक्रिया ==
निदान होताच पायावर भार देणे थांबवून शस्त्रक्रिया केली जाते. प्रचलित पद्धतीत क्ष-किरणांच्या साहाय्याने लहान छेदातून एक पोकळ स्क्रू मानेतून शीर्षाच्या मध्यभागी बसवतात. सरकलेला भाग पूर्वस्थितीत आणण्याचा प्रयत्न यात होत नाही. शीर्षाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मानेला लगटून जातात. जोराने ओढाताण केल्यास त्या तुटून शीर्षाचे हाड मृत होऊ शकते. स्क्रूचे टोक सांध्यात शिरल्यास कूर्चेची झीज होते.

रँडल लोडर व सहकाऱ्यांनी १९९३ साली मांडलेले वर्गीकरण आजही वापरले जाते. कुबड्यांच्या आधाराने का होईना, रुग्ण चालू शकत असल्यास घसरण स्थिर. अजिबात चालू शकत नसल्यास अस्थिर. त्यांच्या अभ्यासात अस्थिर गटातील ४७ टक्के सांध्यांत शीर्षाचे हाड मृत झाले, स्थिर गटात एकाही नाही.

घसरण तीव्र असल्यास हाड कापून त्याची दिशा बदलण्याच्या शस्त्रक्रिया उपलब्ध आहेत. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे राइनहोल्ट गांझ यांनी रक्तवाहिन्या जपून खुबा सांध्याबाहेर काढण्याचे तंत्र विकसित केले. त्याच्या आधारे शीर्ष पुन्हा मानेवर बसवता येते. मात्र हे काम अनुभवी शल्यविशारदाचे आहे आणि त्यातही रक्तपुरवठा तुटण्याचा धोका उरतोच.

दुसऱ्या बाजूचा निरोगी खुबा खबरदारी म्हणून स्क्रूने बांधावा की नाही, याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. रुग्ण वयाने लहान असल्यास किंवा त्याला थायरॉइड वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तसे करण्याकडे अधिक कल असतो.