शिट्टीचा अर्थ

समीक्षकांनी नाकारलेला आणि प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेला प्रेमविनोदी चित्रपट हा मराठी चित्रसृष्टीतील एक जुना आणि अजूनही न सुटलेला प्रश्न आहे. एकाच चित्रपटाला वर्तमानपत्राच्या स्तंभात ‘उथळ’ आणि ‘चावट’ अशी विशेषणे मिळतात, तर तिकीटखिडकीवर त्याच्यासाठी रांग लागते. या विसंगतीचे उत्तर बहुधा दोन सोप्या वाक्यांत दिले जाते: प्रेक्षकांची अभिरुची कच्ची असते, किंवा समीक्षकांना लोकांची नाडी कळत नाही. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, कारण प्रेक्षकाचे मत हेही एका दीर्घ शिक्षणातून घडलेले असते आणि मराठवाड्यासारख्या प्रदेशात ते शिक्षण चित्रपटगृहाच्या कितीतरी आधी, जत्रेत, कीर्तनात आणि तमाशाच्या फडात सुरू झालेले असते, याकडे त्यांत दुर्लक्ष होते.

या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण दादा कोंडके यांचे आहे. भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’तून १९६९ साली पडद्यावर आलेल्या कोंडके यांनी १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ची निर्मिती केली. गोविंद कुलकर्णी यांचे दिग्दर्शन आणि वसंत सबनीस यांचे लेखन लाभलेल्या या चित्रपटात आईच्या धाकातला भाबडा नाम्या तमाशातील कलावतीच्या प्रेमात पडतो. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’साठी ‘सोंगाड्या’ला जागा नाकारली गेली तेव्हा शिवसेना मध्ये पडली आणि चित्रपट लागला, ही हकीकत सर्वपरिचित आहे. त्यानंतर ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘पांडू हवालदार’, ‘तुमचं आमचं जमलं’, ‘राम राम गंगाराम’ अशी रांग लागली. त्यांच्या सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केल्याची, म्हणजे प्रत्येकी पंचवीस आठवडे मुक्काम केल्याची, नोंद गिनीज बुकात झाली असे सांगितले जाते. याच काळात या चित्रपटांवर अश्लीलतेचा आक्षेप वाढत गेला, सेन्सॉरशी खटके उडत राहिले आणि ‘द्व्यर्थी’ हा शब्द कोंडके यांच्या नावाला कायमचा चिकटला.

द्व्यर्थी म्हणजे दोन अर्थ असलेले. हा शब्द निंदेसाठी वापरला गेला खरा. पण दोन अर्थांनी बोलणे ही मराठी लोककलेची मूळ रीत आहे, हे तेव्हाच्या टीकेत फारसे लक्षात घेतले गेले नाही. छत्रपती संभाजीनगरपासून साधारण पन्नास किलोमीटरवरच्या पैठणला सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडे रचली. भारुड म्हणजे वरवर पाहता विंचू, सासुरवाशीण, जोशी, भुत्या अशा रोजच्या पात्रांचे गमतीदार सोंग आणि आतून अध्यात्माची शिकवण देणारे रूपक. ऐकणाऱ्याने आधी हसायचे आणि मग आतला अर्थ ओळखायचा, अशी त्याची रचना असते. शब्दाला पदर असतो आणि तो उलगडणे हे श्रोत्याचे काम आहे, ही सवय या मुलुखातल्या माणसाला नाथषष्ठीच्या यात्रेत आणि गावच्या सप्ताहात लागत आली. तमाशाने हीच सवय शृंगाराकडे वळवली. तमाशाच्या गण, गवळण, बतावणी आणि वग या भागांपैकी गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात आणि मावशी मध्ये पडून शब्दाला शब्द भिडवते. स्त्री-पुरुषांची ही सवाल-जवाबातली छेडछाड म्हणजे मराठी प्रेमविनोदाचे बीजरूप म्हणता येईल. ‘सोंगाड्या’ हे नावही तमाशात विनोद करणाऱ्या नटाचेच आहे.

म्हणून कोंडके यांचा नाम्या पडद्यावर बावळटपणाने एखादे वाक्य बोलला की समोरचा प्रेक्षक त्यातला दुसरा अर्थ पकडण्यासाठी आधीच तयार बसलेला असे, आणि त्याची शिट्टी ही चावटपणाला दिलेली दाद असण्याइतकीच ‘अर्थ समजला’ याची पोचही असे. याउलट समीक्षकाचे शिक्षण लिखित नाटक, कादंबरी आणि जागतिक चित्रपट यांतून झालेले होते. प्रेमकथेत पात्राची वाढ, प्रसंगांची कार्यकारण-साखळी आणि संवादाचा संयम तो शोधत असे. कोंडके यांच्या पटकथांत यांपैकी बरेच नव्हते आणि त्यामुळे त्याचे निरीक्षण चुकीचेही नव्हते. मात्र फडातल्या बतावणीला चार भिंतींच्या नाटकाचे माप लावले जात होते, आणि मतभेदाचे मूळ तिथे होते. पुढे ‘मुका घ्या मुका’ किंवा ‘येऊ का घरात’ यांसारख्या शीर्षकांपर्यंत आल्यावर दुसरा अर्थच पहिला होऊन बसला, पदर उरलाच नाही, आणि त्या टप्प्यावर समीक्षकांची नाराजी अधिक सबळ ठरते, हेही मान्य करावे लागते.

प्रेक्षकाच्या प्रतिसादाला प्रमाण मानण्याची कल्पना आधुनिक बाजारपेठेने आणलेली नाही. भरताच्या नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या ‘सिद्धी’वर, म्हणजे यशावर आहे. मानुषी सिद्धी ही प्रेक्षकांच्या वाणीतून आणि देहातून प्रकट होते: स्मित, अर्धे हसू, मोठे हास्य, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार, अंगावर येणारे रोमांच, जागेवरून उठणे, नटाकडे वस्त्र किंवा अंगठी फेकणे. दैवी सिद्धी याहून वरची आहे. प्रेक्षागृह पूर्ण भरलेले असूनही आवाज नाही, चलबिचल नाही, अशी ती अवस्था. मराठवाड्यातल्या एकपडदा चित्रपटगृहात पडद्याकडे भिरकावलेली नाणी आणि शिट्ट्या या भरताच्या यादीत अगदी सहज बसतात. तरुण शृंगाराने संतुष्ट होतात आणि विद्वान शास्त्रचर्चेने, असेही त्या अध्यायात म्हटले आहे. एकाच प्रयोगाविषयी दोन गटांची दोन मते होणार, हे तिथे गृहीतच आहे.

आजची मोजपद्धत याहून कोरडी आहे. पूर्वी चित्रपट किती आठवडे टिकला हे पाहिले जाई. छत्रपती संभाजीनगर शहरात अंजली, सादिया, अंबा-अप्सरा अशा चित्रपटगृहांवरचा ‘हाउसफुल्ल’ फलक आणि तालुक्याच्या गावी टुरिंग टॉकीजच्या तंबूसमोरची गर्दी हेच लोकमत होते, आणि ते तोंडोतोंडी पसरायला वेळ मिळे. आता शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांच्या गल्ल्यावर निकाल लागतो. अमेरिकेत १९७८ साली स्थापन झालेली सिनेमास्कोर ही संस्था पहिल्याच दिवशी चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्यांकडून श्रेणी भरून घेते. ही श्रेणी समीक्षणांपेक्षा बहुधा उदार असते, आणि त्याचे कारण उघड आहे: पहिल्या दिवशी पैसे देऊन येणारा माणूस आवड मनात धरूनच आलेला असतो. ज्यांना शीर्षक वाचूनच जावेसे वाटले नाही, ज्यांना घरातून परवानगी मिळाली नाही, त्यांचे मत या मोजणीत कुठेच उमटत नाही. प्रेक्षकांचा कौल म्हणून जे सांगितले जाते तो नेहमी हजर असलेल्यांचा कौल असतो.

अलीकडच्या काळात हाच पेच रवी जाधव यांच्या ‘टाइमपास’ने पुन्हा समोर आणला. ३ जानेवारी २०१४ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात दहावी नापास दगडू आणि सुखवस्तू, शिस्तबद्ध घरातली प्राजक्ता यांची प्रेमकथा आहे. ‘नटरंग’ आणि ‘बालगंधर्व’ यांसारखे चित्रपट केलेल्या दिग्दर्शकाने असा हलका विषय घ्यावा, शाळकरी वयातल्या प्रेमाला असे रंगवावे, यावर आक्षेप घेतला गेला. प्रेक्षकांनी मात्र त्याला तोपर्यंतच्या मराठी चित्रपटांतील सर्वाधिक कमाईच्या पंक्तीत नेऊन बसवले आणि त्याचे आणखी दोन भाग निघाले. इथेही प्रेक्षक काय ऐकत होता हे पाहिले पाहिजे. दगडू झालेल्या प्रथमेश परबच्या तोंडची चाळीतली बोली आणि प्राजक्ताचे वडील झालेल्या वैभव मांगले यांच्या माधवराव लेल्यांची प्रमाण मराठी यांची जी झुंज चित्रपटभर चालते, तीत निमशहरी महाराष्ट्रातल्या तरुणाला स्वतःची बाजू सापडली. मकरंद अनासपुरे यांनी मराठवाडी हेल मुख्य प्रवाहात आणला तेव्हाही हाच आनंद होता: ज्या बोलण्याला वर्गात हसले जाई ते बोलणे नायकाच्या तोंडी ऐकण्याचा. प्रेमकथा किती पक्की आहे यापेक्षा प्रेम करण्याचा हक्क कोणाच्या भाषेला मिळाला, हे अशा प्रेक्षकासाठी मोलाचे असते, आणि समीक्षणाने ही बाब नोंदवली नाही तर ते समीक्षण अपुरे राहते.

तरीही दगडू ज्या चिकाटीने प्राजक्ताच्या मागे लागतो, त्या पाठलागाला प्रेम म्हणावे का, हा समीक्षेने विचारायचा प्रश्न गल्ल्याच्या आकड्याने सुटत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या प्रोझोन मॉलमध्ये भरणाऱ्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे समीक्षक, विद्यार्थी आणि हौशी प्रेक्षक आता एकाच रांगेत उभे राहतात, ही मोठी सोय झाली आहे. तिथे जगभरच्या गंभीर चित्रपटांइतक्याच आस्थेने एखाद्या लोकप्रिय मराठी प्रेमविनोदी चित्रपटावरही बोलले गेले तर मतभेदाचे स्वरूप अधिक स्पष्ट होईल. भरताने प्रयोगाचे गुणदोष ठरवणाऱ्यांना ‘प्राश्निक’ म्हटले आहे आणि त्यांत यज्ञवेत्ता, छंदवेत्ता, व्याकरणज्ञ, धनुर्धर, चित्रकार, गायक असे आपापल्या विषयाचे जाणकार नेमले आहेत. प्रणयाचे वागणे रंगमंचावर खरे उतरले की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्याने यांपैकी कोणाला दिला नाही. तो गणिकेला दिला आहे. कोंडके यांच्या चित्रपटांविषयीचा वाद मुख्यतः पुरुष टीकाकार आणि शिट्टी मारणारा पुरुष प्रेक्षक यांच्यात रंगला, आणि ‘सोंगाड्या’तल्या कलावतीसारखे जिणे जगणाऱ्या फडातल्या बाईला तो चित्रपट कसा वाटला, हे तेव्हा कोणी विचारल्याचे दिसत नाही.