दहावीचा इतिहास आणि कोपरी

राज्य मंडळाच्या दहावीत इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा, भूगोलाचाही तेवढाच. २०१८ साली आलेल्या इतिहासाच्या पुस्तकात ‘उपयोजित इतिहास’ आहे. भारतीय कला, मनोरंजन आणि खेळ यांवर स्वतंत्र धडे आहेत. ठाण्याच्या कोपरीतल्या मुलांना याच्या उदाहरणांसाठी लांब जायला नको. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी जिथे आली, ते ठाणे स्टेशन हाकेच्या अंतरावर. जवळच चेंदणी कोळीवाडा. तिथल्या कोळीगीतांवर ठेका धरत संगीताचा एखादा तास जरूर घ्यावा. परीक्षा जवळ आली की गाण्याचा आणि पीटीचा तास आधी कापला जातो, हे थांबायलाच हवे. शास्त्रीय गायन-वादनाच्या मान्यताप्राप्त परीक्षा आणि ठरावीक स्तरावरचे खेळ यांचे वाढीव गुण दहावीत मिळतात. त्याचे नियम पालकांनी आठवीतच शाळेत विचारून घ्यावेत.